पूर्वेच्या कोपऱ्यातली चिकणमाती

सोमवार, २१ ऑक्टोबर २००२
कामिनोसावा, कामगारांची खोली क्र. ३

सुमिए ताईस,

नमस्कार. इथे वर मेपलची पानं लाल होऊन गळायलाही लागली. खाली तुमच्याकडे आणखी आठवडाभर रंग टिकेल. तुझा गुडघा कसा आहे? पहाटे सोयाबीन दळताना तासन्‌तास उभी असतेस, तेव्हा पायाखाली काहीतरी जाड घालत जा. मी बरा आहे. जेवण पोटभर मिळतं, फक्त इथला टोफू मला खाववत नाही. शहरातून प्लास्टिकच्या डब्यात येतो, त्याला ना वास ना चव.

फोनच करणार होतो. पण टोफूच्या दुकानातला फोन भावजी उचलतात आणि माझा आवाज ऐकला की ठेवून देतात. म्हणून पत्र.

कचऱ्याच्या खड्ड्याच्या तळाचं दोन तृतीयांश काम झालं. गावच्या सभेत मी जो तुकडा सगळ्यांच्या हातात फिरवला होता, तीच मॅट अंथरतो आहोत. दोन जाड कापडं, मध्ये चिकणमातीची भुकटी आणि गोधडीसारखं सुयांनी टाचलेलं. अंथरली की त्याच दिवशी तिच्यावर फूटभर चाळलेली माती पडते. वजनाखाली असताना पाणी लागलं की आतली माती फुगते आणि स्वतःच बूच होते. वसंतात वर काळं प्लास्टिक येईल आणि एप्रिलपासून जिल्ह्याचा कचरा. डिसेंबरात प्रांताच्या कचेरीची तपासणी आहे. सप्टेंबरच्या वादळानं फारसं काही बिघडलं नाही. तू इक्विनॉक्सच्या, दिवस-रात्र सारखे होतात त्या सुट्टीत विचारलं होतंस, तेव्हा सांगायचं राहिलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

कोणीतरी आमची मॅट कापतं आहे. २९ सप्टेंबरपासून तीन वेळा झालं, तिन्ही वेळा रविवारी, म्हणजे कामाला सुट्टी असते तेव्हा. वरची माती हातानं बाजूला करायची, तळहाताएवढा तुकडा कापून न्यायचा आणि माती पुन्हा जशीच्या तशी लोटून द्यायची. आमच्या कुमागाईला चालताना पायाखाली माती भुसभुशीत लागली, म्हणून कळलं तरी. नासधूस करायची असती तर लांबलचक फाडलं असतं. हे तसं नाही. चौकोनी, चारही बाजू सारख्या. तिन्ही पूर्वेच्या कोपऱ्यात, जिथे पूर्वी झरा होता तिथे. तिथेच का, ते मला समजत नाही.

आम्ही ठिगळं लावली. साहेबांना, म्हणजे उत्सुगींना, अजून कळवलेलं नाही.

ताई, मी आरोप करत नाही, नुसतं विचारतो. तोकुजी भावजी रविवारी कुठे असतात? उन्हाळाभर ते फाटकाशी विरोधाची पाटी घेऊन बसले, त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पाण्यावर ज्याचं दुकान चालतं त्यानं भ्यावं, हे मला कळतं. पण तपासणीच्या आधी मॅटला भोकं पाडून 'बघा, गळते' म्हणायचं असेल, तर ती लबाडी झाली. त्यांना विचारू नकोस. फक्त लक्ष ठेव आणि मला कळव.

कधी वाटतं, आमच्यातलाच कोणी असेल. कुमागाई हल्ली माझ्याशी धड बोलत नाही. जेवायला पाठ करून बसतो. पस्तीस वर्षं बुलडोझर चालवलेला माणूस, त्याला कुठे माती पातळ आहे आणि कुठे जाड, हे डोळे मिटून कळतं. त्याला कोणी पैसे चारले असतील का? असले विचार मनात येतात आणि माझीच मला लाज वाटते.

आणि हो, विहिरीचं काय ठरवलंस? देवळामागच्या चढावर पाणी चांगलं लागेल असं मी म्हटलं होतं. थंडी पडायच्या आत खणून घेतलीस तर बरं.

गुडघ्याला जप. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल.

तुझा धाकटा भाऊ,
मिचिहारू


सोमवार, ११ नोव्हेंबर २००२

सुमिए ताईस,

तुझं कार्ड पोचलं. काल पहिलं बर्फ पडलं, पण टिकलं नाही. सकाळी नुसता चिखल.

तू तीनच वाक्यं लिहिलीस. भाताची कापणी झाल्यापासून तोकुजींची पाठ धरली आहे आणि ते घरातून हलू शकत नाहीत. नवी विहीर नको, आहे ती पुरते. आणि तिसरं, 'तू विहिरीबद्दल दुसऱ्यांदा का विचारतोस?'

या तिसऱ्या वाक्यानं माझे तीन दिवस खाल्ले. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. सहज विचारलं, असं लिहिलं आणि फाडलं. भावानं बहिणीला विहिरीचं विचारू नये का, असंही लिहिलं. तेही फाडलं.

मधल्या काळात काय झालं ते सांगतो. मी कुमागाईवर पाळत ठेवली. त्याच्या खोलीतली हत्यारांची पेटी तो अंघोळीला गेल्यावर उघडून पाहिली. तिच्यात मॅट कापायची आकड्याची सुरी होती, ती सगळ्यांकडेच असते. त्याच्या बायकोचं एक पत्र होतं. ते मी वाचलं, ताई. त्यात सुनेच्या बाळंतपणाशिवाय काही नव्हतं. पेटी बंद केली तेव्हा तो दारात उभा होता, खांद्यावर टॉवेल. मी म्हटलं, मोजपट्टी शोधत होतो. तो म्हणाला, मोजपट्टी तुझ्या खिशात आहे.

उत्सुगी साहेबांवरही माझा संशय गेला. ते दुपारी दोनदा पूर्वेच्या कोपऱ्यापर्यंत जातात, उभे राहतात आणि परत येतात. त्यांना काही माहीत आहे का? माहीत असेल तर विचारत का नाहीत? सभेत कोण कुणाकडे बघून हसलं, इथपर्यंत सगळं मी आठवू लागलो. सगळं गाव माझ्यावर नजर ठेवून आहे असं वाटायचं.

मग काल रविवार होता. सगळे शहरात सार्वजनिक स्नानगृहात गेले. मी जातो म्हणालो आणि गेलो नाही. मॅटच्या गुंडाळ्या ताडपत्रीखाली रचून ठेवल्या आहेत, त्यांच्या मागे मी सकाळपासून बसलो होतो. अकराच्या सुमाराला मागच्या रानातून कोणीतरी उतरलं. अंगात गवती रंगाचं जाकीट, पाठीला अळंब्यांची टोपली. पण अस्वलं दूर राहावीत म्हणून कमरेला बांधतात ती घंटा नव्हती. नोव्हेंबरात घंटा न बांधता रानात फिरणाऱ्याला अस्वलापेक्षा माणसाची भीती जास्त असते, असं मी मनाशी म्हटलं. पकडलाच, असंही म्हटलं.

मग ती व्यक्ती उताराला लागली आणि डावा पाय आधी टाकून उजवा त्याच्या जवळ ओढून घेऊ लागली. दुखरा गुडघा असलेली माणसं तशी उतरतात.

मी ओरडलो नाही. गुडघे टेकून तू माती बाजूला केलीस, पंचा अंथरून त्यावर ती नीट ठेवलीस. टोफूच्या सुरीनं चार काप दिलेस. तुकडा दुकानाच्या पिशवीत घातलास आणि माती पुन्हा लोटून हातानं सारखी केलीस. उठताना तुला दोनदा हात टेकावा लागला. मी वीस पावलांवर होतो आणि धावून तुला हात दिला नाही.

तू बाहेर गेल्यावर मी तिथली माती फावड्यानं दाबून बसवली. आज कुमागाईला सांगितलं की रानडुकरं असतील, विषय सोडून द्या. डुकरं चौकोनी खातात का, म्हणाला.

तू हे का केलंस, ते मी विचारत नाही. सभेत भावजींच्या शेजारी बसलेली तू उठलीस आणि म्हणालीस, 'मिचिहारू म्हणतो गळणार नाही, तर गळणार नाही.' त्या एका वाक्यावर गावातल्या बायकांचे हात वर झाले. भावजी तुझ्याशी त्यानंतर महिनाभर बोलले नाहीत, हे मला कळलं होतं. तेव्हा माझा शब्द तपासायचा हक्क तुझा आहेच. पण मला विचारायचंस तरी.

विचारलं होतंस, हे लिहिताना आठवलं. इक्विनॉक्सच्या दिवशी, आईबाबांच्या थडग्यावर पाणी घालताना. वादळात तुमचं काय झालं, असं म्हणालीस. आणि मी म्हटलं, यंदा झाडाला पर्सिमनची फळं फार लागली आहेत.

वादळाचं खरं इतकंच, की दुपारी पाऊस आला तेव्हा पूर्वेच्या कोपऱ्यात काही मॅट उघड्या होत्या. थोड्या भिजल्या. ही माती फुगून स्वतःला सांधते, तोच तिचा गुण आहे, म्हणून मी काळजी केली नाही. काळजीचं कारण नाही.

रविवारी पुन्हा येऊ नकोस. उतार निसरडा झाला आहे.

मिचिहारू


रविवार, ८ डिसेंबर २००२

ताई,

काल भावजी खड्ड्यावर आले. पाठ अजून वाकलेली आहे. त्यांनी तुझी चिठ्ठी माझ्या हातात दिली, मी वाचेपर्यंत थांबले आणि उत्तर न घेता गेले. चिठ्ठीत एकच प्रश्न आहे: 'बाकीच्या कोरड्या होत्या का?'

त्याचं उत्तर मी देणार आहे. पण आधी जे मागच्या पत्रात झाकलं ते लिहितो, नाहीतर माझ्या उत्तराला काही किंमत राहणार नाही.

माझ्या त्या पत्रावर तू शब्दानं उत्तर दिलं नाहीस. कार्डावर पाच आकडे आले. सभेतला तुकडा, जो तू दुकानाच्या फळीवर ठेवला होतास, तो बावन्न ग्रॅम. तुझे चार, शेगडीजवळ वाळवून, सोयाबीनच्या काट्यावर मोजलेले: चौदा, एकोणीस, अकरा, सतरा. माप सगळ्यांचं एकच. दुसरं काही नाही, सहीसुद्धा नाही.

आकडे वाचले आणि मला आश्चर्य वाटलं नाही. तेव्हाच माझं मला कळलं, की मी इतके दिवस चोर शोधत नव्हतो. कोणाला माहीत झालं आहे, ते शोधत होतो.

घडलं ते असं. त्या दुपारी पाऊस दोन तास आधी आला. एकोणीस मॅट उघड्या होत्या आणि वर माती पडायची होती. वजन नसताना मॅट भिजली की आतली माती हवी तशी फुगते, पेजेसारखी होते आणि पाय ठेवला तरी बाजूला सरकते. अशी मॅट उचलून फेकायची, नवी घालायची, हा पहिला नियम आहे. नव्या माणसांना तो मीच शिकवतो. पण नव्या गुंडाळ्या यायला सहा आठवडे लागले असते, त्यात बर्फ आलं असतं आणि काम वसंतावर गेलं असतं. गावातला माणूस म्हणून मला मुकादम केलं होतं. आणि सगळ्या गावाला मी सांगितलं होतं की वेळेत होईल, नीट होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुमागाईला माती लोटायला सांगितलं. तो बुलडोझरवरून उतरला आणि म्हणाला, 'मिचिहारू, खाली लापशी आहे. पट्ट्याखाली सगळी निघून जाईल.' मी म्हटलं, लोट. त्यानं लोटली. बुलडोझरच्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंनी राखाडी चिखल वर आलेला मी पाहिला. मग नोंदवहीत एकोणीस ओळींवर 'कोरडी' असं लिहिलं आणि एकोणीस वेळा माझ्या नावाचा शिक्का मारला. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी मी तुला विहीर चढावर खणायला सांगत होतो. तुझं पाणी त्या झऱ्याचंच आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

तुझं कार्ड दोन दिवस माझ्या टेबलावर होतं. तिसऱ्या दिवशी मी उत्सुगी साहेबांकडे गेलो. कार्ड दाखवलं नाही. तुझं नाव कुठेही आलेलं नाही आणि माझ्या तोंडून येणारही नाही. मी फक्त माझं सांगितलं.

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग पहिला प्रश्न विचारला, 'आणखी कोणाला माहीत आहे?'

मी म्हटलं, 'मला माहीत आहे.'

'म्हणजे कोणालाच नाही,' ते म्हणाले. 'ओनोदेरा-सान, तपासणीला पाच दिवस आहेत. माती पडलेली आहे, नोंद झालेली आहे. वर प्लास्टिक येणारच आहे. तुम्ही दमला आहात.'

त्यांना किती आधीपासून शंका होती, ते मी विचारलं नाही. दुपारी दोनदा त्या कोपऱ्यापर्यंत जाणारा माणूस पानगळ बघायला जात नसावा. मी म्हटलं, तुम्ही कळवणार नसाल तर मी इथूनच प्रांताच्या कचेरीत फोन करतो. आणि त्यांच्याच टेबलावरचा फोन उचलला. त्यांनी हात धरला नाही. नंबर लागेपर्यंत ते खिडकीतून बाहेर बघत होते. पलीकडच्या बाईनं दोनदा आडनाव विचारलं, दोनदा खड्ड्याचं नाव विचारलं आणि मग म्हणाली, तुमचं पद काय? मी म्हटलं, शिक्का माझा आहे.

पुढचं तू गावात ऐकलंच असशील. काम थांबलं. मला मुकादमीवरून काढलं, पण खणायला माणसं कमी आहेत म्हणून फावडं दिलं. माझ्या जागी आलेला मुकादम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे. मला अहो-जाहो करतो आणि मी जिथे खणलं तिथे पुन्हा स्वतः बघतो. बरोबरच करतो.

कोपरा उघडला. एकोणीसपैकी सोळा मॅटमध्ये पट्ट्यांच्या वाटेवर नुसती दोन कापडं एकमेकांना चिकटलेली होती, मधे बोटाला लागेल एवढीही माती नाही. एप्रिलमध्ये त्यावर कचरा पडला असता.

कुमागाईला सगळ्यांसमोर सांगितलं की हुकूम माझा होता, त्याचा दोष नाही. नंतर पंपाजवळ एकटा सापडला तेव्हा म्हणाला, 'तीन महिने मी तोंड मिटून बसलो. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून. आणि तू माझी पेटी उघडलीस.' तो परवा कायमचा घरी गेला. नात झाली आहे त्याला. निघताना बाकी सगळ्यांना वाकून नमस्कार केला.

काल भावजी आले तेव्हा गावातले आणखी आठजण त्यांच्याबरोबर होते. नव्या मुकादमानं त्यांना कोपरा दाखवला. भावजींनी काठी टेकत सबंध तळावर नजर फिरवली आणि मला नाही, त्याला विचारलं, 'एवढंच वाईट होतं, हे कशावरून? सांगणारा तोच आहे ना?' मुकादमानं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. शंभरावर मॅट मी नीट अंथरल्या, ताई. एकेका सांध्यात गुडघ्यावर बसून भुकटी भरली. त्या आता त्या एकोणीसांसारख्याच झाल्या.

आता तुझा प्रश्न.

बाकीच्या कोरड्या होत्या. मी स्वतः हात लावून पाहिल्या होत्या आणि माती पडेपर्यंत तिथे उभा होतो. एक सोडून.

पश्चिमेच्या भिंतीलगतची सत्तावन्न नंबरची. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ती अंथरली, त्या दुपारी मी दाताच्या डॉक्टरकडे शहरात होतो. परत आलो तेव्हा वर माती पडलेली होती. रस्त्यात मला सर लागली होती. इथे लागली की नाही, ते मी कोणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. वहीत 'कोरडी' लिहिलं. ती चांगली असेल, वाईट असेल, मला माहीत नाही. हे मी तपासणीवाल्यांनाही सांगितलं नव्हतं. आज तुला लिहायला बसलो तोवर मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

सत्तावन्न खणायला लावा. उद्या सकाळी मी नव्या मुकादमाला सांगणार आहेच, पण माझ्या सांगण्यावर आता लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग जमिनीकडे. भावजींनी गावाच्या वतीनं लेखी मागितलं तर टाळता येणार नाही. हे पत्र त्यांना वाचायला दे. सगळं दे, विहिरीचंही. तुझ्या आकड्यांचं पान आणि तुझं रविवारचं येणं ज्यात आहे ते मागचं पत्र मात्र दाखवायचं की नाही, तो तुझा तू निर्णय घे.

नववर्षाला मी येणार नाही. काम संपेपर्यंत इथेच राहीन, मग कुठे ते ठरलेलं नाही.

तुझ्या प्रश्नाला एवढंच खरं उत्तर माझ्याजवळ आहे: एकशे चार कोरड्या, एकोणीस ओल्या, एक माहीत नाही.

ओनोदेरा मिचिहारू
(शिक्का मारलेला नाही. तो प्रांताच्या कचेरीत जमा आहे.)